सायकल विरुद्ध हायब्रिड गाडी: कोथरूड–शिवाजीनगर रस्त्यावरच्या ऊर्जेच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५

घरात वापरात दोन वाहनं आहेत. माझी गिअरची सायकल आणि यंदा घेतलेली स्ट्राँग हायब्रिड गाडी, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली. गाडी आल्यापासून नवरा म्हणतो, "ही एवढं कमी पेट्रोल खाते की तुझ्या सायकलीने आता फार काही वाचत नाही. वर सायकल चालवून आलीस की तू दोन पोळ्या जास्त खातेस, त्यांचा हिशोब कोण धरणार?" पोळ्यांचा मुद्दा मला रास्त वाटला, म्हणून या नोंदी. कुणाला आपल्या गावात असंच मोजायचं असेल तर कुठे वेळ जातो ते आधीच कळावं.

रस्ता: पुण्यात कोथरूडच्या वनाजपासून शिवाजीनगर कोर्टापर्यंत, साधारण सात किलोमीटर. जाताना किंचित उतार, परतताना तेवढाच चढ. जाऊन-येऊन दोन्ही मिळूनच मोजायचं, म्हणजे उताराचा फायदा-तोटा फिटतो.

एकक एकच: दर किलोमीटरला किलोज्यूल. किलोकॅलरीला ४.१८४ ने गुणलं की किलोज्यूल मिळतात, आणि विजेचं एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. सुरुवातीलाच सगळं एका एककात आणा. लिटर, कॅलरी आणि युनिट शेजारी मांडले की डोळ्यांना काहीच दिसत नाही.

वजनं: मी ६३ किलो, सायकल साडेचौदा, लॅपटॉप-डब्यासकट पाठीवरची बॅग साडेचार. एकूण ८२. सायकल तोलायला सामान तोलायचा हुकाचा काटा वापरला, तो घरात होताच.

८ ऑक्टोबर

मनगटावरच्या घड्याळावर भिस्त ठेवून सुरुवात केली होती, ती इथेच सोडतेय. घड्याळ सात किलोमीटरला २९० किलोकॅलरीच्या आसपास दाखवतं, म्हणजे किलोमीटरला ४० च्या वर. पण नळस्टॉपच्या सिग्नलला उभी असतानाही आकडा चढतच राहतो. घड्याळ हृदयाचे ठोके मोजतं. मागून बसने हॉर्न दिला, ऊन लागलं, निघण्याआधी चहा झाला, की ठोके वाढतात. पायांनी पेडलवर किती काम केलं याच्याशी त्याचा संबंध फार सैल आहे. शिवाय नुसतं बसून राहिले असते तरी शरीराने जे जाळलं असतं, तेही यात मिसळलेलं आहे.

पेडलमधली शक्ती थेट मोजणारं पॉवर मीटर मिळतं, पण ते माझ्या सायकलीपेक्षा महाग आहे. दुसरा रस्ता शोधायला हवा.

१२ ऑक्टोबर

रविवार, पहाटे एआरएआयच्या टेकडीवर. पुण्यातले सायकलवाले या चढावर पाय तयार करतात. एआरएआय म्हणजे वाहनांच्या अधिकृत अॅव्हरेजचे आकडे देणारी संस्था, ती याच टेकडीवर आहे. माझ्या कामासाठी याहून चांगली जागा नव्हती.

चढावर हिशोब सोपा होतो. वेग कमी असल्याने हवेचा विरोध जवळजवळ उरत नाही, बहुतेक काम गुरुत्वाकर्षणाविरुद्ध होतं, आणि ते वजन व उंची यांवरून थेट काढता येतं. ८२ किलो १०० मीटर वर न्यायला ८० किलोज्यूल. रबराचं घर्षण, थोडी हवा आणि चेनमधली तूट धरून शंभराच्या जरासं आत. माणसाचे स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा साधारण २० ते २५ टक्के भाग पेडलवर उतरवतात, बाकीची उष्णता होते. मी २२ टक्के धरले. म्हणजे दर १०० मीटर चढाला १०५ किलोकॅलरी. घड्याळ त्याच चढाला १८० च्या पुढे दाखवत होतं.

उंचीसाठी मोबाइलचं जीपीएस वापरू नका. त्यातली उंची झाडाखालून जाताना उड्या मारते. नकाशावरच्या समोच्चरेषांवरून फरक काढला, तो प्रत्येक वेळी तोच राहतो.

१९ ऑक्टोबर

सपाट रस्त्याचं काम. इथे गुरुत्वाकर्षण मदतीला येत नाही, म्हणून सायकल मोकळी सोडून पाहायची पद्धत. ताशी १८ ला पोचायचं, पाय थांबवायचे आणि वेग १२ वर यायला किती सेकंद लागतात ते पाहायचं. मोबाइल हँडलला लावून स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढला की सेकंद नंतर शांतपणे मोजता येतात. रस्त्याच्या दोन्ही दिशांना करून सरासरी घ्यायची. डोळ्यांना सपाट दिसणारा रस्ता क्वचितच सपाट असतो. वारा सुटायच्या आत, सकाळी साडेसहापूर्वी उरकायचं.

आधी ८.७ सेकंद आले. विरोध निघाला जवळपास १६ न्यूटन, जो फारच जास्त वाटला. ब्रेक घासत नव्हता, बेअरिंग मोकळं होतं. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे नेली तर त्यांनी टायर अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हवा आहे कुठे यात? तीसच भरेल. साठ घाला." हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर खरंच तीस पीएसआयच्या आसपास निघाली. बोटाला टायर टणक लागतं, पण तीस आणि साठमधला फरक बोटाला कळत नाही.

साठ पीएसआय भरल्यावर तीच चाचणी १२ सेकंदांवर आली. विरोध ११.४ न्यूटन. नुसत्या हवेमुळे दर किलोमीटरला ४ किलोज्यूलहून जास्त वाचले. गेजवाला फूट पंप १,२०० रुपयांना घेतला. या सगळ्या प्रकल्पात जिथे पैसे सर्वांत सार्थकी लागले ती ही वस्तू.

आता सपाट रस्त्याचा हिशोब असा. ताशी १८ ला रबर आणि हवा मिळून किलोमीटरला १४ किलोज्यूल. सिग्नल, खड्डे आणि मध्येच आडवे येणारे रिक्षावाले धरून किलोमीटरमागे तीनदा पुन्हा वेग घ्यावा लागतो. प्रत्येक वेळी एक किलोज्यूल, म्हणजे आणखी तीन. चेनमधली तूट धरून पेडलवर १८. अन्नाच्या बाजूने ८२ किलोज्यूल, म्हणजे जवळपास २० किलोकॅलरी.

दर किलोमीटरला ८२ किलोज्यूल: सायकलीचा हाच आकडा पुढे वापरायचा.

२ नोव्हेंबर

गाडीची पाळी. पद्धत जुनीच, टाकी फुल ते टाकी फुल. सोपी वाटते, पण यातच सर्वांत जास्त दिवस गेले. पंपाचं नोझल आपोआप कधी बंद होतं ते पंपागणिक बदलतं, गाडी किंचित कललेली असली तरी बदलतं. अर्धा लिटर इकडेतिकडे झालं आणि तुम्ही भरलं आहे दहाच लिटर, की पाच टक्क्यांची चूक तिथेच झाली. उपाय तीन. एकच पंप, त्याचं एकच नोझल, आणि पहिल्यांदा आपोआप बंद झालं की तिथेच थांबायचं. भरणाऱ्या मुलाला आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तो सवयीने रुपये पूर्ण करायला आणखी थोडं घालतो. आणि टाकी निम्म्याच्या खाली गेल्याशिवाय भरायची नाही.

गाडीचा डिस्प्ले लिटरला २४ किलोमीटर दाखवत होता. टाकीवरून आले २१. कागदावर २७-२८ आहेत, पण ती चाचणी रोलरवर, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेगाच्या आलेखावर होते. कर्वे रोडचा संध्याकाळचा सव्वासहाचा आलेख वेगळा असतो. २१ हा वाईट आकडा अजिबात नाही. याच रस्त्यावर आमची जुनी पेट्रोल गाडी बाराच्या वर कधी गेली नव्हती.

१६ नोव्हेंबर

प्रत्येक फेरीचं वेगळं पेट्रोल कळावं म्हणून गाडीच्या निदान-सॉकेटला लावायचा ब्लूटूथ डोंगल घेतला, ९०० रुपये. आकडे टाकीशी जुळेनात. डोंगल सातत्याने आठेक टक्के जास्त अॅव्हरेज दाखवत होता. कारण शोधण्यात आठवडा गेला. डोंगलचं मोबाइलवरचं अॅप इंजिनात जाणारी हवा मोजतं आणि एक ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा लागते असं धरून इंधन काढतं. पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं, ज्याला ते प्रमाण साडेतेराच्या आसपास हवं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून हवा कमी लागते. अॅपच्या सेटिंगमध्ये आकडा बदलल्यावर फरक दोन टक्क्यांत आला.

याचा परिणाम ऊर्जेवरही होतो. शुद्ध पेट्रोलच्या लिटरमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल, इथेनॉलच्या लिटरमध्ये २१. २० टक्के मिश्रणाचे झाले ३०. जुन्या लेखांमधले ३४-३५ चे आकडे उचलू नका.

३० भागिले २१: किलोमीटरला १.४३ मेगाज्यूल, म्हणजे १,४३० किलोज्यूल. सायकलीचे ८२. एकटा माणूस गाडीत असेल तर सतरापट. एक लिटर पेट्रोलएवढी ऊर्जा अन्नातून घेतली तर मी साडेतीनशे किलोमीटरच्या वर जाते, पुण्याहून मुंबईला जाऊन परत.

७ डिसेंबर

माझ्या मते या नोंदींमधली ही सर्वांत महत्त्वाची.

सात किलोमीटरची ऑफिसची फेरी सोडून गाडी आणखी कुठे जाते ते पाहिलं. मुलीचा क्लास, भाजी, किराणा, बँक. दोन-तीन किलोमीटर जाणं, तासभर उभी, मग परत. या फेऱ्या वेगळ्या काढायचं ठरवलं. गाडी फक्त अशाच कामांना वापरायची आणि मग त्याच पंपावर भरायची. नवऱ्याची तक्रार होती, "तू नुसत्या भाजीच्या फेऱ्या मारून गाडीला बदनाम करतेस." पण घरातली गाडी बहुतांश वेळा भाजीलाच निघते, हे त्यालाही मान्य आहे.

आकडा आला लिटरला १४.

हायब्रिड थंड असताना इंजिन हट्टाने सुरू राहतं. पाणी तापायला हवं, सायलेन्सरमधला कॅटॅलिस्ट गरम व्हायला हवा, नाहीतर धूर स्वच्छ होत नाही. त्यामुळे घरातून निघाल्यावर पहिले दोन किलोमीटर, जिथे बॅटरीवर चालायची खरी संधी असते, तिथेच इंजिन धावत असतं. ते गरम होऊन बंद व्हायला लागतं, तोवर मंडई येते. क्लासबाहेर एसी लावून थांबलं तर दर काही मिनिटांनी बॅटरी भरायला इंजिन पुन्हा सुरू होतं, आणि तेवढ्या वेळात अंतर शून्य.

म्हणजे ज्या अंतराला सायकल सहज काढता येते, नेमक्या त्याच अंतराला हायब्रिड सर्वांत जास्त खाते. लिटरला १४ म्हणजे किलोमीटरला २,१४० किलोज्यूल. सायकलीच्या सव्वीसपट.

दुसरं कारण वजनाचं. गाडी बाराशे ऐंशी किलोची, माणूस धरून साडेतेराशे. ताशी ४० ला तिच्यात ८३ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. सायकलीला पेडलवर किलोमीटरला १८ लागतात. नळस्टॉपच्या सिग्नलवरून सुटून गाडी एकदा चाळीसला पोचली, तेवढ्या ऊर्जेत सायकल साडेचार किलोमीटर जाते, म्हणजे वनाजहून जवळपास डेक्कनपर्यंत. हायब्रिड ब्रेक लावताना यातला बराच भाग परत मिळवते, आणि तिचं खरं कर्तृत्व तेच आहे. पण जो भाग परत येत नाही, तोही सायकलीच्या मानाने प्रचंड आहे. मोटर कितीही चांगली असली तरी एका माणसासाठी साडेतेराशे किलो हलवावेच लागतात.

२१ डिसेंबर

आता जास्तीच्या पोळ्या. पोळीतली ऊर्जा ८२ मध्ये धरली आहे, पण ती पोळी ताटात यायला जे जळलं ते धरलेलं नाही. पेट्रोल पंपापर्यंत यायलाही ऊर्जा लागते, हे त्याच न्यायाने धरायला हवं.

फलटणच्या मामाला फोन लावला. त्याचा गहू नुकताच फुटव्यावर आला होता.

"मामा, गव्हाला एकरी किती युरिया टाकतोस?"

"सव्वादोन गोणी पडतात गं, दोनदा मिळून. पण ऊर्जेचंच विचारतेस तर विहिरीवरची मोटर धर की. पाच एचपीची आहे. एका पाण्याला आठ-दहा तास चालते आणि पाणी पाच-सहा वेळा द्यावं लागतं. ते युरियापेक्षा कमी नाही."

मामाचं म्हणणं हिशोबात उतरवलं. एकरी सव्वादोन गोणी म्हणजे १०० किलोवर युरिया. कारखान्यात किलोला २३ ते २५ मेगाज्यूल लागतात, म्हणजे सुमारे अडीच गिगाज्यूल. मोटर पन्नासेक तास, १८५ युनिट वीज. कोळशातून एक युनिट वीज काढायला जवळपास तीन युनिटांची उष्णता लागते, म्हणून ती झाली दोन गिगाज्यूल. ट्रॅक्टरचं डिझेल एकरी २५ लिटर धरलं, एक गिगाज्यूलच्या आत. एकूण साडेपाचच्या खाली. एकरी १४ क्विंटल गहू, त्यात वीस गिगाज्यूल अन्न. चक्की आणि वाहतूक धरून, पोळीतल्या ऊर्जेच्या एका एककामागे शेतापासून चक्कीपर्यंत ०.३ एकक.

इतकं कमी येईल असं वाटलं नव्हतं. मामा बरोबर होता, मोटर आणि युरिया जवळपास बरोबरीने आहेत.

२८ डिसेंबर

आता स्वयंपाकघर. सिलिंडरच्या १४.२ किलो गॅसमध्ये सुमारे ६५० मेगाज्यूल असतात. आमच्याकडे चौघांना तो दीड महिना जातो. सिलिंडर बदलल्याच्या तारखा मी कॅलेंडरवर लिहिते, त्या इथे कामी आल्या. माणशी दिवसाला साडेतीन मेगाज्यूलवर जातो. दिवसाचं जेवण साधारण २,००० किलोकॅलरी, ८.४ मेगाज्यूल. म्हणजे अन्नाच्या एका एककामागे गॅसचे ०.४३. संपूर्ण शेतापेक्षा गॅसच जास्त जातो. कुकरमध्ये वरण-भात एकत्र लावणं, कडधान्य रात्रभर भिजवणं यांचा ऊर्जेच्या दृष्टीने केवढा फरक पडतो ते यावरून कळतं.

पोळी-उसळीचं गणित एका एककामागे पाऊणच जास्त सांगतं. पण आम्ही दूध, तूप, साखर, तेल हेही खातो, आणि त्यांना यापेक्षा जास्त लागतं. सायकलीच्या बाजूने झुकतं माप नको, म्हणून एका एककामागे वरची दोन एककं धरली. सायकल ८२ ची २४६ झाली. पेट्रोलला शुद्धीकरण, टँकर वगैरेचे १८ टक्के चढवले.

एकट्याची ऑफिसची फेरी: गाडी १,६९०, सायकल २४६. सातपटीच्या जवळ.
भाजीची फेरी: गाडी २,५००, सायकल २४६. दहापट.

पोळ्यांचा मुद्दा बरोबर होता. त्याने अंतर सतरापटीवरून सातवर आणलं. निकाल मात्र त्याने फिरत नाही.

४ जानेवारी २०२६

चौघे फलटणला जाऊन आलो. लिटरला २२. माणशी किलोमीटरला ३४० किलोज्यूल, पेट्रोलमागची ऊर्जा धरून ४००. सायकलीचे २४६. भरलेल्या गाडीत हायब्रिड सायकलीपासून फार दूर राहत नाही, फक्त १.६ पट. आणि सव्वाशे किलोमीटर चौघांनी सायकलने जायचा प्रश्नच नाही. गाडी तिच्या खऱ्या कामाला लावली की ती चांगलं काम करते, हे मनापासून लिहायला हवं.

परतताना दिवेघाट उतरताना बॅटरी घाट संपायच्या आधीच भरली. पाऊण युनिटची छोटी बॅटरी आहे, पाच-सहाशे फूट उताराची ऊर्जाही तिच्यात पुरती मावत नाही. भरल्यावर गाडी ऊर्जा साठवायची थांबते आणि इंजिन मोकळं फिरवून वेग आवरते. घाटात जाणाऱ्यांनी यावरून अॅव्हरेजचे निष्कर्ष काढू नयेत, जाऊन-येऊन पूर्ण फेरीच धरावी.

११ जानेवारी

बनवण्याची ऊर्जा. दोन्हींना किलोला ३० मेगाज्यूल असा सरसकट पोलादाचा दर लावला. सायकल २०,००० किलोमीटर चालेल असं धरून किलोमीटरला २२ किलोज्यूल, गाडी दोन लाख धरून १९०. गाडीतलं अॅल्युमिनियम, तांबं आणि बॅटरी यांना प्रत्यक्षात जास्त लागतं, म्हणजे हा आकडा गाडीला सवलत देणारा आहे. याहून खोलात गेले नाही.

पैसे. पेट्रोल लिटरला १०४ च्या आसपास, म्हणजे ऑफिसच्या फेरीला किलोमीटरला पाच रुपये, भाजीच्या फेरीला साडेसात. सायकलीचे २० किलोकॅलरी केळ्यातून आले, साठ रुपये डझनवाल्या, तर एक रुपया. पोळी-उसळीतूनही तेवढंच. पण ५० रुपयांचा दीडशे-पावणेदोनशे किलोकॅलरीचा एनर्जी बार खाल्ला तर सहा रुपये, ऑफिसच्या फेरीच्या पेट्रोलपेक्षा महाग. सायकलवाल्यांनी बार खाऊन पैसे वाचतात असं समजू नये. शेंगदाणे-गूळ पुरतो.

वेळ: संध्याकाळी परतताना गाडीला चाळीस मिनिटांपर्यंत, सायकलीला अर्धा तास. प्रभात रोडच्या गल्ल्यांमधून काढलं की त्यातही सुखाचं.

खर्च झाला तो पंप, डोंगल आणि एक ट्यूब मिळून अडीच हजारांच्या आत. वेळ सर्वांत जास्त टाकीने आणि डोंगलने खाल्ला.

१८ जानेवारी

घरात ठरलं ते असं. तीन किलोमीटरच्या आतलं काम गाडीने करायचं नाही, सामान जड नसेल किंवा आजारपण नसेल तर. त्यासाठी सायकलीला मागे कॅरिअर आणि दोन्ही बाजूंना पिशव्या बसवल्या, ९५० रुपये. दहा किलो कांदे-बटाटे त्यावर आरामात येतात. नवरा जुनी सायकल काकांकडे घेऊन गेला आहे. तिची मागची फ्रीव्हील गेली आहे आणि दोन्ही टायर बदलावे लागतील.

ज्यांना हेच मोजायचं आहे त्यांनी टायरच्या हवेपासून सुरुवात करावी, मग टाकी, आणि डोंगल सर्वांत शेवटी. उन्हाळ्यात एसी पूर्णवेळ चालेल तेव्हा भाजीच्या फेरीचा आकडा १४ च्या खाली जाईल असं वाटतं. एप्रिलमध्ये त्याच पंपावर, त्याच नोझलने पुन्हा भरणार आहे.